यादीतलं 'इतर'

१६ डिसेंबर २००८, मंगळ.
वॉर्ड ऑफिसच्या जपानी भाषेच्या वर्गात नवी ओळखपत्रं मिळाली. सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं, म्हणून मी जरा मिरवून घेतलं. शेजारी बसणारी समीरा गाझाची. तिच्या कार्डावर नाव बरोबर, देशाच्या जागी 'इतर'. "देशांच्या यादीत शोधलं मी. पलाऊनंतर एकदम पनामा." हसली. मीही हसले. हसायला नको होतं.

१७ डिसें.
ऑफिसात जुने बग, म्हणजे नोंदवलेल्या चुका, चाळले. सापडला. ऑगस्टमध्ये एका टेस्टरने लिहिलंय, 'पॅलेस्टाइन यादीत नाही.' खाली उत्तर: 'स्पेकप्रमाणेच. बंद.' बंद करणारी मी! त्या आठवड्यात रिलीज होतं, क्लायंटला विचारलं असतं तर तीन मीटिंगा वाढल्या असत्या. स्पेकमध्ये, म्हणजे क्लायंटने लिहून दिलेल्या मागण्यांत, असलं की चूक ही चूक राहत नाही, हे इथे जपानात पहिल्या महिन्यातच शिकले.
समीराला सांगायला हवं.

२८ डिसें., रवि.
कालपासून गाझावर बॉम्ब. समीराचा भाऊ तिथेच, फोन लागत नाहीये. ती याच बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. पोहे घेऊन वर गेले. तिने दोन घास खाल्ले, माझ्यासाठी. आज कुठे सांगणार.
संध्याकाळी पुण्याहून बाबांचा फोन, स्पीकरवर. "भारताने अठ्ठ्याऐंशीतच मान्यता दिलीय त्यांना." शिरीषने सासऱ्यांना ऐकवलं, "हो बाबा, आणि आता शस्त्रं इस्रायलकडून घेतो. दोन डगरींवर पाय." बाबांनी तिकडे थंडी किती ते विचारलं.

५ जाने., सोम.
साहेबांना, म्हणजे मोरी-सानना म्हटलं, तो बग परत उघडू या. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. "जपान त्याला देश मानत नाही. क्लायंट सरकारी. विचार करू." इथे 'विचार करू' म्हणजे नाही. मग, "ऑगस्टमध्ये कोणी बंद केला?" मी, म्हटलं. मग त्यांनीच मान तुकवून माफी मागितली, तपासायला हवं होतं म्हणून. ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ जाने.
सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव. चौदा बाजूने, अमेरिका तटस्थ. बॉम्ब चालूच. जेवताना मोरी-सान म्हणाले, "क्लायंट हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही." कंटाळा आलाय या सगळ्यांचा. माझाही.
समीराचा भाऊ फोनवर मिळाला, मिनिटभर. जिवंत आहे. घर गेलं.

१६ जाने.
झालं एकदाचं. मोरी-सान स्वतः जाऊन आले क्लायंटकडे. यादीवरचं 'देश' काढून 'देश / प्रदेश' केलं, की कोणीच काही मानलं असं होत नाही. मंजुरीला सात जणांचे शिक्के. पलाऊ आणि पनामाच्या मधे एक ओळ, काम पाच मिनिटांचं.

२० जाने., मंगळ.
परवापासून युद्धबंदी, किती दिवस टिकते बघायचं. वर्गात समीराला नवं कार्ड मिळालं. बराच वेळ बघत बसली. 'प्रदेश'वर बोट ठेवून म्हणाली, "चालेल." मग सहज विचारलं, "आधी कोणी गाळलं होतं गं?"
अगदी तोंडाशी आलं होतं.
"चौकशी करून सांगते," म्हटलं.
सात वर्षांत जपानी धड येईना, पण मोरी-सानसारखं बोलायला मात्र शिकले. तिने मान हलवली. जुनं कार्डही फेकलं नाही, दोन्ही एकाच पाकिटात ठेवली.
उद्या सांगायला सहाव्या मजल्यावर जायचं. पोहे न नेता.