तुझ्या नावाचं रान

प्रिय थर्मन,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इथे सगळे धड आहेत. मी मात्र चार दिवस घरात नुसत्या येरझारा घालतेय. मक्याची भाकरी दोनदा करपवली.

वादळाला वर्ष झालं. आडवी झालेली पाइनची शेवटची झाडं परवा उचलून नेली. माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी लावलेलं माझं रान आणि ओढ्यापलीकडे तुझ्या जन्माच्या वर्षी लावलेलं तुझं, दोन्ही सपाट झाली. आता ओसरीवरून थेट चर्च दिसतं. मधलं ते उघडं रान मला बघवत नाही.

वादळात गेलेलं रान पुन्हा लावणाऱ्यांना जॉर्जियात करात सूट मिळणार आहे. ती मिळाली तरच मला रोपं परवडतील. लावणी हिवाळ्यातच व्हायला हवी आणि अर्ज महिनाअखेर पोचायला हवा. जमिनीच्या कराच्या सगळ्या जुन्या पावत्या घेऊन मी ऐटीत कचेरीत गेले. तिथली पोरगी म्हणाली, “मावशी, पावत्या राहू द्या. मालक कोण कोण आहेत ते सांगा, सगळ्यांच्या सह्या लागतील.”

बाबांनी मृत्युपत्र केलंच नाही, तुला ठाऊक आहे. कोर्टात कागद गेला की आपल्या काळ्या लोकांची जमीन जाते, हे त्यांनी आजोबांच्या वेळी पाहिलं होतं. जमीन वाचावी म्हणून कागद केला नाही, आणि आता ती त्यापायीच अडकलीय. शेजारचे क्लीओफस काका म्हणाले, “तुझा बाप कोर्टाला पुरून उरला गं, पण वाऱ्याला काय करणार?” मी हसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

तर मालक आपण दोघं भावंडं. तुला विकायची होती, मला नाही. बाबांना पुरलं त्या दिवशी सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले की तू या जमिनीचा कोणी लागत नाहीस. तू ताट तसंच टाकून डेट्रॉइटची बस धरलीस. चुकलं माझं. वादळाच्या आधीच कळलं होतं, लिहायचा धीर होत नव्हता.

आता खरं सांगते. काल अर्जावर तुझी सही मीच केली. तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचे ना, तशीच हुबेहूब. पाकीट घेऊन टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. तुला परकं म्हणायचं आणि तुझं नावही तुला न विचारता वापरायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही. तो कागद जाळला. सोबत दोन कागद आहेत. एक सवलतीचा अर्ज, दुसरी जमीन विकायला माझी संमती. दोन्हींवर मी सही केलीय. तुला हवा त्यावर तुझी कर आणि परत पाठव. अर्ज आला, तर पहिलं रोप ओढ्यापलीकडे लावीन.

तुझीच,
लव्होनिया