यंत्रानं छापलेलं पहिलं नाव

मुंबई, ४ मार्च १९७३

ती. आईस, मच्छिंद्रचा लांबूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार. चांगुणाताई, मोठ्यानं वाच गं.

आई, मी मजेत आहे. कॉम्प्युटरच्या खोलीत चहा देतो. यंत्र अमेरिकेचं, ते चालवणारा मूळ प्रोग्रामही तिकडचाच. तो बिघडला, पण बांगलादेशच्या लढाईपासून अमेरिकावाले आपल्यावर रुसलेत, त्यांचा माणूस येईना. त्यांनी द्यावं तेव्हा आपण चालावं, रेशनवर येणाऱ्या त्यांच्या लाल मिलो ज्वारीसारखंच. (मिलोनं तुझं पोट अजून दुखतं का?)

साहेब लोक नुसते बसून. मी म्हणालो, “आमची आई मिस्त्रीची वाट बघत न्हाई. विहिरीवरचं इंजिन सोता खोलती.” सबनीस साहेब हसले, “मग आपणच लिहू की प्रोग्राम!”

चार महिने लिहिला आणि काल चालला! त्यानं पहिलं काय छापायचं यावर भांडण. एक म्हणे देशाचं नाव, दुसरा म्हणे मोठ्या साहेबांचं. सबनीस म्हणाले, “मच्छिंद्र, त्या इंजिनवाल्या बाईंचं नाव काय रे?”

कागद सोबत आहे. अक्षरं इंग्रजी आहेत, गुरुजींना दाखवा. सातबाऱ्यावर कुणी घातलं नाही ते तुझं राहीबाई हे नाव आपल्या प्रोग्रामनं सगळ्यात आधी छापलं.

विहिरीला पाणी आहे ना?

तुझा, या खेपेला एका जागी टिकलेला,
मच्छिंद्र