कुळवासारखं मांडा

तामलवाडी, ता. ९ डिसेंबर १९४६

कोंडीरामतात्यांना माणिकप्पाचा नमस्कार. घ्यायचा की नाही, ते तुमच्याकडं.

तुमची लेक अयोध्या हे वाचून दाखवत असेल. पोरी, मधे थांबू नकोस.

इकडं ठीक आहे. लढाई संपल्याचं सरकारला अजून कळलेलं नाही, म्हणून लष्करी विमानतळावर मी मुन्शी म्हणून टिकून आहे. तुमच्या जागी नवा चौकीदार आलाय. हुशार आहे, काम सोडून सगळं विचारतो.

परवा त्या विमानाच्या चौकशीचे साहेब पुन्हा आले. चहा पिता पिता त्यांनी मला समजावलं. त्या दिवशी हैदराबादेत वादळ होतं, म्हणून उतारूंच्या विमानाला बिनतारीवरून आपल्या तळावर उतरायला सांगितलं. वैमानिकानं हा माळ कधी पाहिलेला नव्हता. मांडीवर नकाशा घेऊन सोलापूरच्या सडकेच्या कडेकडेनं तो शोधत आला. त्या दोन घिरट्या म्हणजे आपल्याला सलामी नव्हती, तात्या. वारा कुठला, ते तो बघत होता. सांगायला खाली कापडाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, एक उभी, तिच्या टोकाला एक आडवी, बस. आडवी वाऱ्याकडच्या टोकाला हवी; उभीवरून तिच्या दिशेनं उतरलं की वारा समोरून लागतो, विमान लवकर थांबतं.

हे मला ठाऊक नव्हतं. लढाईत पट्ट्या गोरे शिपाई मांडायचे. त्या दिवशी विमान येतंय असा फोन आला, नियमांचा कागद मला न येणाऱ्या इंग्रजीत, आणि तुम्ही विचारलंत, "मुन्शीजी, आडवी कुणीकडं घेऊ?"

मी म्हणालो, "कुळवासारखं मांडा. दांडी पुढं, आडवं मागं."

तुम्ही चोख मांडलंत. आडवी उलट टोकाला गेली, म्हणून विमान वाऱ्यासोबत उतरलं, थांबेना, कोवळ्या ज्वारीत घुसलं. माणसं सगळी वाचली. गेली ती तुमची नोकरी.

जबानीच्या कागदावर मी उर्दूत लिहिलं, 'चौकीदाराची गफलत.' काय लिहिलंय, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, झाली ती हकीकत. तुम्ही अंगठा दिलात.

गावात अजून म्हणतात, कोंडीरामनं इमान पाडलं. त्यांच्या तोंडी इमान म्हणजे विमान, उर्दूत इमान म्हणजे सचोटी. ती पाडणारा मी.

काल दुसरा कागद लिहून दिला, पट्ट्या तशा मांडायचा हुकूम माझा होता असा. साहेब म्हणाले, "मुन्शीजी, नोकरी जाईल. विचार करून लिहा."

मी म्हणालो, "विचार करून पहिला लिहिला होता."

नक्कल सोबत आहे, मराठीत. तुम्हाला परत घेतील का, सांगता येत नाही. गावात मात्र मी तोंडानं सांगणार आहे, चावडीसमोर, सगळ्यांदेखत.

कागदाच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहायची मुन्शीच्या हाताला सवय आहे. आज ते लिहीत नाही.

माणिकप्पा