सणसर येईपर्यंत हात

आत्याबाई, परवा मी दुधाचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी चुलीवरून खाली घेतलं. धाकट्या सुनेच्या हातातलं लाटणं तसंच थांबलं. "आत्याबाई, फडकं तरी घ्यायचं हुतं," ती म्हणाली. मला काहीच लागलं नव्हतं. तिनं माझा हात धरून उलटा केला, तर बोटांची पेरं लालभडक झालेली. भाजल्याचं काही वाटत नाही मला. माझा हात तुमच्या हातासारखा झालाय, याची धास्ती बसली आहे. सासूला आत्याबाई म्हणायची आपल्याकडची रीत, त्यामुळे ती पोर मला हाक मारते तेव्हा कधी कधी वाटतं, तुम्हीच मागं उभ्या आहात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आता मुद्दाम आठवावा लागतो. हात मात्र न बोलावता येतात.

मी बारामतीची, चौथी पास. लग्न होऊन सणसरच्या मळ्यात आले तेव्हा घर म्हणजे इंजिनच्या खोलीला टेकून उभ्या केलेल्या दोन पत्र्याच्या खोल्या. मळा मालकांचा, विहिरीवरचं पाणी ओढायचं इंजिन मालकांचं, आणि तुमचा लेक ते चालवायचा म्हणून त्या खोल्यांत आपण. पहिल्याच आठवड्यात भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता तुम्ही सांगितलंत, "इंजान बसलं की आपुनबी हितनं उठलो. ध्यानात ठेव." मी ते इतकं ध्यानात ठेवलं की इंजिनचा आवाज जरा बदलला तरी हातातलं काम सुटायचं. त्या घरात मला सगळ्याचीच भीती वाटायची. भिंतीच्या भोकातून फडफडत विहिरीकडं जाणाऱ्या पट्ट्याची, तेलाच्या धुराची, मालकांच्या चपलांच्या आवाजाची. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त भीती तुमची. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, शिवी दिली नाहीत. तुम्ही चुकायचा नाहीत, एवढंच. आमटीत मीठ कमी आहे हे तुम्ही नुसत्या वासावरून सांगायचात. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटायचात, चुलीबाहेर पडलेला निखारा दोन बोटांत उचलून आत टाकायचात, आणि मी पदराची घडी करून तवा धरला की म्हणायचात, "शिकल्याली हाय, हात जपतीया."

विहिरीचं पाणी खारट होतं. कालवा आल्यापासून खालच्या रानात मीठ फुटलं होतं आणि तीच चव विहिरीला उतरली होती. मिरची-वांगी त्यावर कशीबशी तगायची, पण इंजिनला ते बाधायचं. इंजिनच्या पोटाभोवती पोकळी असते, तिच्यातून हेच पाणी फिरायचं, इंजिन गार राहावं म्हणून. फिरता फिरता आत पांढरा खार धरायचा, हंड्याच्या बुडाला धरतो तसा. खार वाढला की पाणी फिरायला वाट नाही, आणि मग इंजिन तापून अडकणार. म्हणून दर पंधरवड्याला कालव्याच्या गोड्या पाण्यानं ते आतून धुवायचं. आपण दोघी हंडे वाहून ओट्यावरचं पिंप भरायचो. पिंपाच्या तोटीला रबरी नळी लावायची, तिचं दुसरं टोक इंजिनच्या खालच्या भोकात, म्हणजे पाणी जोरानं वर चढून खार बाहेर काढायचं. हंड्यानं वरून ओतून ते होत नसे, आपण करून बघितलं होतं.

तसली नळी साऱ्या शिवारात एकच होती, कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यावर, गुलाबांना पाणी घालायची. तिथला माळी तुमच्या माहेरचा, पणदऱ्याचा. साहेब दौऱ्यावर असला की तो ती दुपारपुरती द्यायचा, आणि मी गवताच्या भाऱ्यात गुंडाळून डोक्यावरून आणायचे. वाटेत कुणी "भारा जड दिसतुया गं," म्हटलं तरी मला दरदरून घाम फुटायचा. साहेबाला कळलं असतं तर माळ्याची नोकरी गेली असती, आणि त्यानं मालकांना बोल लावला असता तर आपली. तुम्हाला त्याचं काहीच नाही. तुम्ही इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा थेंब जिभेवर घ्यायचात आणि थुंकायचात. "अजून हाय." थोड्या वेळानं पुन्हा एक थेंब, पुन्हा थुंकायचात. ज्या वेळी तुम्ही थेंब गिळलात त्या वेळी इंजिन धुऊन झालं, असा आपला हिशोब होता.

यात जपायचं एकच. इंजिनच्या तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, गार पाणी पडलं की ते तडकतं. ह्यांनी आपल्या दोघींना बजावून ठेवलं होतं, लोखंडावर हात निवांत ठेवता आला तरच तोटी सोडायची. निवांत म्हणजे किती, असं मी विचारलं आणि माझं मीच सांगितलं, दहा आकडे म्हणेपर्यंत. तुम्हाला आकड्यांचं वावडं. तुम्ही तुमचं माप काढलंत, माहेराहून सासरी यायच्या वाटेवरच्या गावांचं. तळहात टेकवायचा आणि चालायला लागायचं. पणदरं, माळेगाव, बारामती, पिंपळी, काटेवाडी, सणसर. प्रत्येक गावाला जरा दम खायचा. सणसर आलं आणि हात अजून लोखंडावरच आहे, मग पाणी सोडायला हरकत नाही. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर मीही मनातल्या मनात तसंच मोजायला लागले, कारण वाटेत माझं बारामती लागायचं.

त्या दिवशी ह्यांना हिवताप भरला होता. कालव्याकाठी तो घरोघर असायचा. त्यांनी सकाळी कसंबसं इंजिन सुरू करून दिलं आणि आत जाऊन दोन गोधड्यांखाली पडले. मिरचीचे वाफे भरायचे होते म्हणून इंजिन दुपारपर्यंत चाललं. मी नळी घेऊन आले ती धापा टाकत. माळ्यानं सांगितलं होतं, साहेब आज बायकामुलांसकट येतोय आणि महिनाभर मुक्कामाला आहे; नळी ऊन कलायच्या आत परत पाहिजे, पुढं महिनाभर तोंड दाखवू नका. त्या पंधरवड्यात इंजिन दोनदा तापून वाफ ओकलं होतं. न धुता महिना काढणार नाही, हे तुम्हालाही कळत होतं आणि मलाही. तुम्ही तेलाची तोटी बंद केलीत. चाक फिरत फिरत थांबलं. आतलं खारं पाणी खालून सोडून दिलं आणि आपण बसलो, तुम्ही उंबऱ्यावर, मी पिंपाशी. ओट्यावरची सावली सरकत होती. आत ह्यांचे दात वाजत होते ते बाहेर ऐकू यायचे. एरवी आपण इंजिन पार निवेपर्यंत थांबायचो. त्या दिवशी सावली पिंपाच्या बुडाशी आली तशा तुम्ही उठलात.

तुम्ही नळी जोडायला खाली वाकलात तेव्हा मी तुमच्या पाठीमागून लोखंडावर हात ठेवला. पणदरं म्हटलं मनात. माळेगावच्या पुढं मला जाता आलं नाही. चटका बोटांतून पार कोपरापर्यंत गेला. मी हात पदरात लपवला. मग तुम्ही सरळ झालात, हात लुगड्याला पुसलात आणि तळहात टेकवलात. "पणदरं. माळेगाव. बारामती." आवाज नेहमीचाच. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. आता हात काढतील, आता कळेल. "पिंपळी." हे गाव तुम्ही इतक्या सावकाश म्हणालात की मला वाटलं वाटेत विसाव्याला बसलात. माझ्या तोंडात दोनच शब्द होते, गरम हाय. ते बाहेर येईनात. हात जपणारी, शिकलेली मी, तुम्हाला सांगणार होते की तुमच्या हाताला आता कळत नाही? "काटेवाडी. सणसर." तुम्ही हात काढलात. "सोड पाणी."

मी तोटी फिरवली.

आवाज मोठा झाला नाही. अडकित्त्यात सुपारी फुटते तेवढाच. तुम्ही मान वळवलीत. "काय वाजलं गं?" मी म्हटलं, "पत्रा तापलाय, आत्याबाई." त्यानंतर तुम्ही नेहमीसारखे थेंब चाखलेत, दोनदा थुंकलात, तिसऱ्यांदा गिळलात. मी नळी गुंडाळून भाऱ्यात घातली आणि बंगल्याकडं निघाले. साहेबाची मोटार अजून आली नव्हती. येताना मात्र पाय घराकडं वळेनात. आले आणि तुमचं लक्ष नाही असं बघून इंजिनच्या पोटाखालून बोट फिरवलं, तर बोट ओलं झालं. केसासारखी एक रेघ होती. मी ती पदरानं पुसली. पुन्हा ओली झाली. पुन्हा पुसली. पुसून जाणारी गोष्ट नव्हती ती, तरी मी दिवेलागणीपर्यंत तीनदा जाऊन पुसून आले.

सकाळी ह्यांचा ताप उतरला. हे इंजिन सुरू करायला गेले आणि लगेच बंद करून तिथंच खाली बसले. मालक आले तेव्हा चीर बोटभर झाली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मालकांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "पाणी कुणी सोडलं?" एवढंच विचारलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भाजलेला हात पदरात आणखी आत ओढला. तेवढ्यात तुम्ही पुढं झालात.

"म्या सोडलं, मालक. सूनबाई नगं म्हणत हुती. गरम हाय म्हणत हुती. म्याच ऐकलं न्हाय."

मी तसं म्हटलं नव्हतं, आत्याबाई. त्या अंगणात ते तुम्हाला आणि मला दोघींनाच ठाऊक होतं. मालक गेल्यावर तुम्ही मला चुलीशी बसवलंत, माझा उजवा हात पदरातून ओढून काढलात. बोटांवर फोड आले होते. तव्याचा चटका बसला, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत. कोरफडीचं पान चिरून गर लावलात, फुंकर घातलीत, आणि स्वतःचा तळहात उजेडात धरून कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत बसलात.

खोल्या सोडल्या. भिगवणला स्टेशनाजवळच्या पिठाच्या गिरणीत ह्यांना काम मिळालं, तेही इंजिनवर नाही, पोती उचलायचं. सहा महिने ते तुमच्याशी नीट बोलले नाहीत. ताट पुढं सरकवलंत तरी माझ्याकडं बघून म्हणायचे, "पाणी दे." आणि तिथून पुढं घरातलं सगळं मला विचारून व्हायला लागलं. दूध तापलं का, पोराला ताप आहे का, तवा पुरता तापला का, तुम्ही म्हणायचात, "तू बघ गं. माझा हात मेलाय." शेजारणींना सांगायचात, माझी सून लई हुशार, तिनं आधीच सांगितलं हुतं. मी मान खाली घालून ऐकायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. आणि दर वेळी भीती वाटायची की तुम्ही म्हणाल, मला ठाव हाय.

आता परवापासून मी धाकट्या सुनेला म्हणते, तू बघ. ती हात लावते आणि सांगते, गार आहे, गरम आहे. गुणाची पोर आहे. तिला मी कधी टोचून बोलले नाही, असं मला वाटतं. तुम्हालाही माझ्याबाबत तसंच वाटलं असेल. ती सांगते तेव्हा मी तिच्या ओठांकडं बघत राहते.

हे कागद कुठं पाठवायचे? उशीखाली राहतील. पण लिहायला बसले आहे तर राहिलेलं एक लिहिते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की भीतीनं माझं तोंड उघडलं नाही. भीती होतीच, खोटं नाही ते. पण तुम्ही काटेवाडी म्हणालात तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं होतं, एकदा तरी हिचं चुकू दे.

आत्ताच सून चहा ठेवून गेली. "निवलाय, घ्या," म्हणाली. तरी मी फुंकर मारली.