आमेनपर्यंत कोंबडी नाही

हार्लन्स फेरी, अलाबामा
९ मार्च १९८७

ती. ओझेला आत्यास,
सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून पत्र लिहितोय, कारण तुझ्या खानावळीत तू मला बोलूच देत नाहीस. काल प्रार्थना आटोपून आम्ही बाप्टिस्ट मंडळी पोचलो, तेव्हा मेथडिस्ट दात कोरत बाहेर पडत होते. कांद्याच्या रश्श्यातली कोंबडी संपली होती. पाद्र्याला चांगला तुकडा, हा आपल्याकडचा रिवाज. माझ्या ताटात मान आली, तीही तू हसत वाढलीस.

मानेचं दुःख नाही. माझ्या प्रवचनात आमच्या चर्चचे कारभारी, डीकन रूफस, घड्याळाला किल्ली देत बसतात. दोन कुटुंबं मेथडिस्टांकडे गेली. देवासाठी गेलो म्हणतात, पण तुझ्याकडे खिडकीजवळची टेबलं आता त्यांचीच असतात. असे हळूहळू सगळेच जातील. मी लांबण लावतो, की यांचा जीवच पोटात अडकलाय, हे मला खरंच ठरवता येत नाही. एक भांडं आमच्यासाठी झाकून ठेवशील का?

लोभ आहेच, तो ताटातही दिसावा.
तुझा लेम्युएल

१० मार्च

चि. लेम्युएलास,
अनेक आशीर्वाद.

नाही ठेवणार. माझ्या दारात आधी येईल तो आधी जेवेल. देवाच्या दारातलं तू बघ. तुझ्या बापानं जेवणाआधी प्रार्थना धरली की रस्सा थिजायचा, तरी आम्ही ऐकायचो. तू कसा बोलतोस, ते मी कुठून सांगू? तू पाद्री झाल्यापासून एकही रविवार चुलीनं मला सोडलेलं नाही. भुकेल्या माणसाचं मत धरून चालू नकोस, एवढं मात्र सांगते.

गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.
तुझी आत्या

१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल बायबलातली, घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली होती. पोरगा उपाशीपोटी डुकरांपाशी बसला आणि मी आमेन म्हणून टाकलं. क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग सगळे धावले, हॅट धरून रूफस सर्वांत पुढे. मेथडिस्टांचं गाणं अजून चालूच होतं.

तुझ्या दाराला कुलूप. आम्ही पायरीवर ताटकळलो, मागून मेथडिस्टही येऊन उभे राहिले. शेवटी तू काठी टेकत आलीस, आमच्या चर्चच्या वाटेनं, ठेवणीतली जांभळी टोपी घालून. कुलूप काढताना माझ्याकडे बघितलंही नाहीस. आत्या, कुठे बसली होतीस? काय वाटलं, ते रागावून का होईना, पण लिही.

लेम्युएल

१७ मार्च

चि. लेम्युएलास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या बाकावर, खांबाआड. पहाटेच रस्सा करून झाकला आणि तुला ऐकायला आले. बोलतोस छान रे. त्या पोराची भूक ऐकून डोळे भरले, रुमाल शोधते तोवर तुझं आमेन. माझ्यासाठी गोष्टीतला तो पोरगा अजून डुकरांपाशीच बसलाय. पुढे बाप धावत येतो, वासरू कापतात, पंगत बसते; नेमकी पंगतच गाळलीस, आणि तीही खानावळवालीसमोर.

आता दर रविवारी मी त्याच बाकावर, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. तुझ्या आमेनशिवाय गावात कुणालाच कोंबडी नाही. मेथडिस्टांच्या पाद्रीणबाईंनी काळजीनं विचारलं, तुमचा भाचा बोलतो तरी किती वेळ. मी म्हटलं, "पोरगा घरी येईपर्यंत."

चांगला तुकडा बाजूला काढलाय. आशीर्वाद आहेतच.
आत्या