धुण्याची बाटली आणि नानांचा एक घोट

प्रिय अहो,

सिल्वासाच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. आत तुमचे वडील, आपले नाना, झोपलेत. डॉक्टर म्हणाले, उठल्यावर नजर कशी आहे ते बघू. नजर! मला भीती वाटतेय, आणि हे ज्यांना सांगायचं ते तुम्हीच नाहीत. मग काय करू? शरद भाऊजींच्या खिशातला पेन ओढला आणि लिहायला बसले.

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी होती. तुम्ही गेल्यानंतरची पहिली. तुमच्या नावाची घागर भरायला नाना आणि भाऊजी धुळ्याहून आले होते. मी आमरस केला, सांजोऱ्या केल्या. मग आगारी टाकायची वेळ झाली. आपल्या घरची रीत तुम्हाला सांगायला नको. निखाऱ्यांवर घास टाकायचा, गेलेल्याला आवडायचं त्याचे दोन थेंब टाकायचे आणि त्यातलाच एक घोट घरातल्या मोठ्याने घ्यायचा. तुमच्या आजोबांच्या वेळी तुम्हीच तर बाटली आणली होतीत.

शनिवारी संध्याकाळी तुम्ही थोडी घ्यायचात, हे भाऊजींना पक्कं ठाऊक. मी आत पोळ्या लाटत होते. मला विचारायला काय झालं होतं? पण नाही! वहिनींना कशाला त्रास, म्हणून हा माणूस थेट गॅलरीतल्या तुमच्या कपाटात शिरला आणि बाटली घेऊन आला.

कुठली माहितीय? तुमची धुण्याची!

अहो, मी किती डोकं फोडलं होतं तुमच्यापुढे! गाडीचं खूळ मी कधी काढलं का? रविवारी नरोलीच्या मोकळ्या प्लॉटवर ती रिमोटवरची टीचभर गाडी भर्रकन धूर सोडत पळवायचात आणि तुमच्या कारखान्यातले इंजिनिअर टाळ्या पिटायचे, तेव्हा मीही हसायचे. पण तिच्या इंधनाच्या त्या लांब चोचीच्या बाटल्या! त्यांना पाणी लागू द्यायचं नाही, एक थेंब राहिला तरी इंजिन बंद पडतं, म्हणून कारखान्यातून मिथेनॉल आणून त्याने खळबळायच्या. कॅन गळायला लागला तेव्हा ते ओतलंत कशात? दारूच्या रिकाम्या बाटलीत! ‘चिठ्ठी लावलीय ना वर,’ म्हणे. इंधनातल्या एरंडेलाचे तेलकट हात लागून ती चिठ्ठी कधीच गळून पडली. ‘उद्या बदलतो’ म्हणालात. कुठंय तो उद्या?

मी अजूनही दर रविवारी त्या बाटल्या धुते. चोचीत सुई फिरवते, झाकणाचा वायसर पुसते, तळाशी गाळ राहिला नाही ना ते उजेडात धरून बघते, मग सावलीत उपड्या घालते. गाडी चालवायला कुणी नाही, हे काय मला कळत नाही? पण त्या तशाच चिकट पडल्या तर तुम्ही ओरडाल असं अजून वाटतं.

नानांनी घोट घेतला. मग भाऊजींनी निखाऱ्यांवर थेंब टाकले आणि भप्पकन जाळ उठला. भाऊजींच्या भुवया जळाल्या! आवाजाने मी लाटणं घेऊनच धावले. बाटली बघितली, वास घेतला आणि किंचाळले, ‘नाना, थुंका ते!’

नाना म्हणाले, ‘पोराच्या नावाचा घोट होता, माय. थुंकू कसा?’

रिक्षात मी त्यांचा हात सोडला नाही. याच दवाखान्यात तुम्हाला आणलं होतं ना हो. डॉक्टरांनी विचारलं, ‘क्या पिलाया इनको?’ भाऊजी म्हणाले, दारू. मी ओरडले, ‘दारू नही, मिथेनॉल! कारखाने का!’ तसे डॉक्टर ताडकन उठले. लगेच सलाईन लावलं. म्हणाले, लवकर आणलंत, जीव वाचेल, पण डोळ्यांचं आत्ताच सांगता येणार नाही.

आज सकाळी नाना खिडकीकडे बघत म्हणाले, ‘धुकं पडलंय का गं?’ वैशाखात कसलं धुकं, अहो! बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी ‘हो’ म्हणाले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. एक मुलगा गेला, आता डोळेही? तुम्ही गेलात तेव्हा नुसतं रडू आलं होतं. आता रडण्यासोबत भीतीही वाटते, इतकी की देवाचं नावसुद्धा धड आठवत नाही.

थांबा, नर्स बोलावतेय. ‘बेन, दादा जाग्या.’ नाना उठलेत.

जाऊन आले. मी पलंगाशी उभी राहिले. तोंडातून शब्द काढला नाही, मुद्दामच. नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

मग म्हणाले, ‘काय हे माय, रडून रडून डोळे किती सुजवून घेतलेस!’

अहो, त्यांना दिसले! माझे सुजलेले डोळे दिसले त्यांना!

आता माझा शब्द ऐका, आणि तो तुमच्यासारखा ‘उद्या’चा नाही. आज घरी गेले की ती बाटली भाऊजींच्या हाती कारखान्यात परत जाईल आणि तुमचं कपाट रिकामं होईल. तुमची आठवण मी नानांना आपल्याकडे ठेवून घेऊन काढीन. ते बघतायत तोवर मला घाबरायचं नाही.

तुमच्यावर खूप रागावलेली,
निर्मला