ढमीच्या शेवटच्या चौकटी

ता. ९, रविवार सकाळ

प्रिय बिट्टी,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, वॉर्डातल्या शिकाऊ नर्सना धारेवर धरत असशील. इथे सगळं ठीक. जिन्यावरचा दिवा अजून लुकलुकतो, शेजारीण अजून उसनी साखर नेते आणि परत करायला विसरते. इतकी वर्षं बोलणं नाही आणि आज वहिनीला माझा एवढा पुळका कसा, असं वाटेल तुला. वाटू दे. पत्र तेवढं फाडू नकोस.

मागच्या आठवड्यात पेपरवाले येऊन गेले. ढमीच्या चित्रपट्टीचा इतिहास छापायचाय त्यांना, त्याची म्हणे खास पुरवणी. पट्टी सुचली कशी, असं विचारलं तर तुझा दादा म्हणाला, "सहज सुचली." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सहज कसली! तू गोवराने अंथरुणात होतीस, बुटांच्या खोक्यात लपवून आणलेलं मांजराचं पिल्लू बाबांनी बाहेर सोडायला लावलं होतं आणि तू रडून घर डोक्यावर घेतलंस. म्हणून त्याने वाणसामानाच्या पिशवीवर तुला ढमी मांजर काढून दिली. तीन चौकटी. तिसरीत ढमी ऐटीत बाबांच्या खुर्चीवर. तूच सांगितलंस मला हे, मी लग्न होऊन आले तेव्हा.

मग घरातलीच माणसं पट्टीत गेली. बाबा झाले खुर्चीतले आजोबा, तो स्वतः चष्मा हरवणारे मालक, आणि तू ढमीला चोरून दूध पाजणारी आत्या. मला पट्टीत नको म्हटलं मी, त्यापेक्षा शाईचं काम द्या. तो पेन्सिलीने काढतो, मी ब्रशने शाई करते, फुग्यांतले शब्द लिहिते. आमच्या टेबलावर नियम एकच: त्याने काढलंय ते गिरवायचं, प्रश्न विचारायचा नाही.

बाबा गेले तेव्हाची एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. छपाईच्या दोनेक महिने पुढे चालतं आमचं काम. बाबा समोर बसून पेपर वाचत होते आणि माझ्या हातात पट्टी आली, तीत आजोबांची खुर्ची रिकामी. ढमी खाली बसून वर बघतेय. मी हसून म्हटलं, "आजोबांना कुठे पाठवलंत?" तर म्हणाला, "काय माहीत. हातच वळला नाही." ती पट्टी छापून आली त्या दिवशी आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. त्याला पुढचं दिसतं वगैरे मी मानत नाही. पण तो तोंडाने जे कबूल करत नाही, ते त्याच्या पेन्सिलीला कळलेलं असतं. बाबा खंगत चाललेत हे त्याने पाहिलं होतं. आपण नाही पाहिलं.

नंतर तुमचं वाजलं. खेळण्यांच्या कंपनीला ढमी दिली म्हणून तू म्हणालीस, "ती माझी होती दादा, तू विकलीसच कशी?" तू गेलीस आणि पट्टीतल्या दारातून आत्याच्या चपलाही गेल्या. आत्या कुठंय म्हणून वाचकांनी किती पत्रं पाठवली. एकालाही उत्तर दिलं नाही त्याने.

बिट्टी, आता नवा गठ्ठा आलाय माझ्याकडे.

पहिल्या पट्टीत मालकांचे फक्त पाय आहेत. पुढच्या पट्टीत नुसता चष्मा, खिडकीत ठेवलेला. शेवटच्या पट्टीत ढमी चित्रांच्या टेबलावर, कोऱ्या कागदावर झोपलेली, आणि टेबलामागच्या खुर्चीत कुणी नाही. मी नियम मोडून विचारलं, "यात हसायचं कुठे?"

"शाई कर," म्हणाला. "कळेल लोकांना."

वर सगळं ठीक म्हणून लिहिलंय ना, ते खोडून वाच. तो हल्ली मोरीतला नळ सोडून खोकतो. ज्याने जन्मात स्वतःचा चमचा विसळला नाही, तो आता रुमाल स्वतः धुतो, तेही दार लावून. पँट पट्ट्यावर कशीबशी टिकून आहे. डॉक्टरचं नाव काढलं की डाफरतो, डाफरलं की खोकल्याची उबळ येते, म्हणून मीच गप्प बसते. मला भीती वाटते गं. त्याला कळलंय आणि तो मला सांगत नाही. तू दवाखान्यात आयुष्य काढलंस, तुझ्यापुढे त्याच्या थापा चालणार नाहीत. तू त्याला हाताला धरून नेशील. माझ्याच्याने नाही होत.

काल त्या शेवटच्या पट्टीची शाई केली. खुर्ची, कागद, ढमी, सगळं त्याने काढलं तसं गिरवलं. मग कोपऱ्यात दार होतं, तिथे तुझ्या चपला काढल्या. डावीचा अंगठा तुटलेल्या, तू फरफटवत चालायचीस त्याच. पेन्सिलीत त्या नव्हत्या. ढमीचा एक कानही दाराकडे वळवला.

पट्टी त्याच्यापुढे ठेवली. वाटलं, आता फाडतोय. पण त्याने खाली सही केली, उठला आणि आत जाऊन नळ सोडला.

ती छापून येईपर्यंत थांबू नकोस.

आजवर त्याने काढलं तेच गिरवत आलेली,
वहिनी